वस्तुपाठ : जुना वस्तरा

पुण्याच्या मंडईपासून जवळच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा नित्याच्या वस्तूंचा हा संग्रह दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी जमविला. अशा संग्रहात जुना वस्तरा दिसल्यास मुले त्यास न्हाव्याचे हत्यार म्हणतील. परंतु पुण्याजवळ याच हत्याराने एक थोर शस्त्रक्रिया झाली होती.

१७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या मराठा बैलहाक्याचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले. वीटकाम करणाऱ्या ज्ञातीतील एका कारागिराने मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट ठेवून रेघ आखली आणि वस्तऱ्याने तेवढी त्वचा सोडवून खाली वळविली. भुवयांमधील त्वचा जोडलेलीच ठेविल्यामुळे रक्तपुरवठा टिकला. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तान्त छापला; त्यात कारागिराचे नाव मात्र नाही. पुढे १८१४ मध्ये कार्प्यू या शल्यविशारदाने लंडनमध्ये हीच रीत अवलंबिली.

शिक्षकांनी गावातील तुंबडी, खलबत्ता यांसारखी जुनी साधने मुलांना दाखवावीत. प्रत्येक साधनाचा उपयोग व ते वापरणाऱ्याचे नाव मुलांकडून वहीत नोंदवून घ्यावे.