अर्धशिशी आणि घाबऱ्याचा झटका

समजा, राळेगणसिद्धीतील एक गृहिणी एकादशीच्या दिवशी भर उन्हात शेतावरून परतली. पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नाही. दुपारी अर्धे कपाळ ठणकू लागले, उजेड सोसेना, मळमळ सुरू झाली. अर्धशिशी तिच्या ओळखीची; पण त्या दिवशी एकाएकी छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, हातांना मुंग्या आल्या आणि 'आता मी काही वाचत नाही' असे वाटले. घरच्यांनी जीप काढून पारनेर गाठले. कार्डिओग्राम चांगला निघाला. मग कोणी म्हणाले मनाचे खेळ, कोणी बाहेरची बाधा. दोन्ही चूक!

अर्धशिशी हा मेंदूचा विकार आहे. पॅनिक अटॅक, म्हणजे घाबऱ्याचा झटका, हाही खराखुरा आजार आहे. अर्धशिशीच्या रुग्णांत असे झटके इतरांपेक्षा अधिक आढळतात. आनुवंशिकता आणि मेंदूतील सिरोटोनिन या रसायनाचा दोहोंशी संबंध असावा, असे मानतात. त्यात डोके पुन्हा उठेल ही धास्ती. धास्तीने माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर येते. झोप उडते, आणि जागरण हे तर अर्धशिशीला आमंत्रणच.

घाबऱ्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो व बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. अर्धशिशी उपचाराविना ४ ते ७२ तास छळते. मात्र छातीत दुखल्यास स्वतः निदान करू नये. आधी हृदय तपासून घ्यावे. अचानक असह्य डोकेदुखी, ताप व मान ताठणे, किंवा एका अंगाची शक्ती जाणे, असे झाल्यास तडक रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे डोकेदुखी एका डॉक्टरांना सांगतात आणि धडधड दुसऱ्यांना. दोन्ही एकाच ठिकाणी सांगा, कारण औषध त्यावर ठरते. प्रोप्रॅनोलॉल अर्धशिशी टाळण्यासाठी देतात, त्याने धडधडही कमी होते. पण दमेकऱ्यांना ते चालत नाही. दुकानातून परस्पर गोळ्या आणून महिन्यात १०-१५ दिवस खाल्ल्यास त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते.

२०१९ साली अण्णा हजारे यांचे उपोषण याच गावी सात दिवस चालले. अर्धशिशीच्या रुग्णाने मात्र एकादशीलाही उपाशी राहू नये. वेळेवर फराळ करावा, पाणी प्यावे. झटका आल्यास बसून सावकाश श्वास सोडावा. मानसिक त्रासासाठी १४४१६ या 'टेलिमानस'च्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.