मेला तो चोर नव्हे

गागोदे बुद्रुक, ता. पेण

चि. समीर यास,

महिनाअखेरीला मध्यरात्री तुमचा पोस्टग्रेस डेटाबेस पुन्हा बसला आणि तू आता आणखी रॅम मागणार आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. तो अर्ज दोन दिवस थांबव.

परवाच्या पावसात आमच्या खालच्या खाचराचा बांध फुटला. दोष बांधाचा नव्हता. वरच्या दोन खाचरांची तोंडं रात्रभर उघडी राहिली होती. तुमच्याकडेही तसंच असेल. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल प्रोसेसना गुण लावतो आणि ढोबळमानाने जी सर्वांत जास्त मेमरी धरून बसलीय तिला मारतो. अधाशी दुसराच कुणी असू शकतो, शेजारी चाललेला बॅकअप किंवा एखादी रिपोर्टची स्क्रिप्ट. डेटाबेसच्या लॉगमध्ये तुला नुसता ‘सिग्नल ९’ दिसेल. कुणी मारलं आणि त्या क्षणी कुणाकडे किती मेमरी होती, ती यादी कर्नलच्या लॉगमध्ये असते. आधी ती वाच.

मग गुणाकार कर. ‘वर्क मेम’ ही पोस्टग्रेसची मेमरीची मर्यादा मुळात ४ एमबी असते, तुमच्याकडे कुणीतरी ६४ करून ठेवलीय. ही मर्यादा अख्ख्या सर्व्हरची नाही, एका जोडणीचीही नाही. क्वेरीतल्या एकेका सॉर्टची आहे. हॅशला तर नव्या आवृत्त्यांत याच्या दुप्पट मिळते. २०० जोडण्या, प्रत्येकीत ३ सॉर्ट, म्हणजे ३८,४०० एमबी. मशीन १६ जीबीचं! एरवी सगळे एकदम येत नाहीत म्हणून निभतं. विनोबांना गणिताची केवढी गोडी, आणि ज्याचं आजोळ त्यांच्या जन्मगावी त्याने एवढा गुणाकार टाळावा? (रागावू नकोस.)

मीही एकदा रॅम दुप्पट करून मोकळा झालो होतो. पुढच्या महिनाअखेरीला तेच, आणि साहेबांना तोंड दाखवायची चोरी.

‘वर्क मेम’ खाली आण, रिपोर्टपुरतीच वाढव. जोडण्यांपुढे, मोजक्याच आत सोडणारा पूलर बसव. कर्नलचं ‘ओव्हरकमिट’ २ वर ठेवलंस तर बहुतेक वेळा एकच क्वेरी चूक देऊन पडेल, बाकीचे तगतील. आत्ता एक प्रोसेस मारली गेली की सामायिक मेमरीचा भरवसा उरत नाही, म्हणून पोस्टग्रेस सगळ्यांनाच बाहेर काढून रिकव्हरीला लागतो.

कर्नलच्या लॉगमधली ती यादी मला पाठव. फोटो नको, मजकूर पाठव. या चष्म्यातून फोटोतले आकडे लागत नाहीत.

तुझा
मामा