अमात्यांचे घराणे आणि पन्हाळ्यावरील समाधी


इजिप्तचा धडा आला की पिरॅमिडांच्या नावाने सारा वर्ग कान टवकारतो. पण तिथे राजांप्रमाणे कारभाऱ्यांचीही थडगी आहेत. तिसऱ्या थुटमोस राजाचा वजीर रेखमिरे याचे सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे थडगे लक्सरजवळ आहे. त्याचे आजोबा आणि चुलतेही वजीरच होते. थडग्याच्या भिंतींवर विटा पाडणारे मजूर, करभरणा, नजराणा म्हणून आलेला जिराफसुद्धा आहे. शिवाय वजिराने काय काय पाहावे याची लांबलचक नियमावली तिथे लिहिली आहे.

असाच एक कारभारी आपल्याजवळ पन्हाळगडावर विसावला आहे. रामचंद्रपंत अमात्य. वडील निळो सोनदेव शिवरायांच्या कारभारात होते, चुलते आबाजी सोनदेव कल्याणच्या मोहिमेत गाजले. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी रामचंद्रपंत अष्टप्रधानांत सर्वांत तरुण होते. पुढे घराण्याला बावड्याची जहागीर मिळाली, म्हणून ते बावडेकर.

त्यांची खरी कसोटी १६८९ मध्ये लागली. संभाजी महाराजांची हत्या झाली आणि राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे महाराष्ट्राचा कारभार पंतांवर आला. 'हुकूमतपनाह' हा किताब त्यांना तेव्हाचाच. संताजी-धनाजींच्या घोडदौडी आपल्याला पाठ असतात, पण फौजेला रसद आणि पैसा पुरवणारा माणूस सहसा आठवत नाही.

रेखमिरेची नियमावली भिंतीवर आहे, पंतांची कागदावर. १७१५ चे 'आज्ञापत्र' ते हेच. त्यात किल्ले, सावकार, आरमार, टोपीकर अशा सगळ्यांचा विचार आहे. आम्हाला त्यातला झाडांचा भाग विशेष आवडतो. आरमाराला लाकूड हवे, पण रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत. रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड लागलेच, तर मालकाला राजी करून, किंमत देऊनच ते घ्यावे. लढाईच्या धामधुमीत आयुष्य गेलेल्या माणसाने हे लिहिले आहे!

पंतांचा अंत पन्हाळ्यावरच झाला. त्यांची आणि त्यांच्या पत्नीची समाधी तिथे आहे. इजिप्तमधले थडगे पाहायला जगभरातून लोक गेले, आणि इथल्या या समाध्या मात्र १९४१ पर्यंत राडारोड्याखाली गाडलेल्या होत्या.

निपाणीहून कोल्हापूर आणि तिथून पन्हाळा सुमारे २० किलोमीटर. सहलीत तीन दरवाजा आणि अंबरखाना पाहून झाले की या समाध्या कुठे आहेत ते आवर्जून विचारा.