हळवा : एका शब्दाचा अभ्यास



मागच्या महिन्यात आमचा बैल विकला. दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी बैलावर निबंध सांगितला आणि मला रडू आले. मागून कोणीतरी म्हणाले, "हळवी कुठली!" सगळे हसले. मला ती शिवीच वाटली. घरी आजीला विचारले, तर ती म्हणाली, "अगो, शिवी कसली? आपलं माळावरचं भात हळवंच की!"

आजीचे खरे आहे. भात हळवे, निमगरवे आणि गरवे असते. हळवे साधारण १०० ते १२० दिवसांत कापणीला येते. गरव्याला १३५ दिवसांहून जास्त लागतात. माळावरच्या खाचरातले पाणी लवकर आटते, म्हणून तिथे हळवे लावतात. तिथे गरवे लावले तर दाणा भरायच्या आतच पाणी संपते आणि हाती नुसते पळींज येते. घाटावर मामाकडे कांदासुद्धा हळवा आणि गरवा असतो. हळवा लवकर निघतो पण टिकत नाही, गरवा चाळीत महिनोन् महिने राहतो.

गुरुजींनी सांगितले, हळवा शब्दाचे मूळ 'लघु', गरव्याचे 'गुरु'. प्राकृतात त्यांचे हलुअ आणि गरुअ झाले. म्हणजे कवितेच्या मात्रा मोजताना आपण करतो तेच लघु-गुरु! मला तर गंमतच वाटली.

मनाला हळवे म्हणतात ते लवकर भरून येते म्हणून. पण हळवा म्हणजे रडका नव्हे हं. रडका आपले दुखले की रडतो, हळव्याला दुसऱ्याचेही दुखते. भाजल्यावर नवी कातडी येते ती हुळहुळी. तिला वारा लागला तरी झोंबतो. 'संवेदनशील' हा पुस्तकी शब्द. निवडणुकीत पेपरात 'अतिसंवेदनशील मतदान केंद्र' असे छापतात, तिथे मात्र हळवे केंद्र म्हणून चालणार नाही!

वाक्यात उपयोग : बैल विकून बाबा बाजारातून आले, ते जेवलेच नाहीत. आई म्हणाली, त्यांचे डोके दुखते आहे. रात्री मी पाणी प्यायला उठले, तर बाबा रिकाम्या गोठ्यात बसले होते. माझे बाबा हळवे आहेत.

(पालकसभेला बाबा येणार आहेत. हे वाक्य मी मुद्दाम अगदी खाली लिहिले आहे.)

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी