ब्लॉग हलवायचा विचार करताय?

ब्लॉग लिहिणारं कुणी भेटलं की बोलता बोलता हा विषय निघतोच. इथं आता मजा राहिली नाही, दुसरीकडे न्यावा म्हणतो, तुमचं काय मत? माझं मत असं आहे: आधी ब्लॉगचा पत्ता, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर करा. ब्लॉग हलवायचा की नाही हे त्यानंतर ठरवा.

मी मेहकरचा. ब्लॉगवर लिहितो ते आमच्या बुलढाणा जिल्ह्याबद्दल. लोणारचं सरोवर, सिंदखेडराजाचा राजवाडा, अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला होणारी पावसाच्या भाकिताची घटमांडणी, आणि आमच्या बोलीतले हळूहळू मागं पडत चाललेले शब्द. ब्लॉगची जागा फुकटची होती आणि जुनी होती. मोबाईलवर पान नीट दिसायचं नाही. नव्या ठिकाणी अक्षर देखणं होतं आणि लेख थेट वाचकांच्या मेलवर जायची सोय होती. मोह पडणं साहजिक होतं. तरी सगळं एकदम उचलून न नेता मी आधी एक प्रत तिकडं नेली, ती कुणाला दिसणार नाही अशी कुलूपबंद ठेवली आणि रोज थोडी थोडी वाचत बसलो. कुणालाही माझा पहिला सल्ला हाच राहील. पहिलं पान बघून खूश होऊ नका, मागचे लेख उघडून वाचा.

वाचताना पहिल्यांदा डोळ्यांत खुपलं ते आमच्या मुलखाचं नाव. ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ झालं होतं. ‘दऱ्या’ गेल्या आणि ‘दर्या’ आला. म्हणजे लोणारच्या लेखात डोंगरदऱ्यांऐवजी चक्क समुद्र! कारण शोधलं तेव्हा कळलं, की पूर्वीच्या काही टायपिंगच्या साधनांत हा आडव्या शेपटीचा ‘र’ लिहिताना मध्ये एक न दिसणारं चिन्ह पडायचं. स्थलांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं ती न दिसणारी चिन्हं कचरा समजून पुसली आणि ‘र’चा रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढला. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही, म्हणून तिकडच्या मार्गदर्शक लेखांत हिचा उल्लेखही सापडत नाही. मराठीत लिहिणाऱ्यानं मात्र ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘पुढाऱ्यांनी’ असे चार शब्द शोधून पाहिल्याशिवाय पुढं जाऊच नये. ज्यांचे जुने लेख श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत, त्यांनी तर आधी ते युनिकोडमध्ये आणावेत, ओळ न ओळ तपासावेत आणि मगच हलवण्याची भाषा करावी.

दुसरी गोष्ट तारखांची. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला. त्याच वर्षी सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. त्या दिवसांत मी काठावर जाऊन लिहिलेल्या नोंदींची किंमत त्यांच्या तारखेत आहे. कुलूपबंद प्रतीत त्यातल्या बऱ्याच नोंदींवर स्थलांतराच्या दिवसाची तारीख बसली होती. भेंडवळच्या नोंदींचंही तेच झालं. कोणत्या वर्षी पावसाचं काय भाकीत निघालं हे तारखेशिवाय कळणार कसं? गावाकडचा साधा ब्लॉग दहा-पंधरा वर्षांनी दस्तऐवज होतो आणि दस्तऐवजावर तारीख चुकीची पडली की तो कुणाच्याच कामाचा राहत नाही.

फोटोंचं दुखणं लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये बहुतेक वेळा मजकूर असतो आणि फोटोंचे नुसते पत्ते असतात. नव्या ठिकाणी फोटो दिसतात, पण ते येत असतात जुन्याच जागेतून. तुम्ही निश्चिंत होऊन जुना ब्लॉग पुसता आणि मग सगळीकडे रिकाम्या चौकटी उरतात. म्हणून फोटो वेगळे उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा आणि नव्या जागी ते खरोखर आले आहेत का हे एखादा फोटो उघडून, त्याचा पत्ता वाचून बघा.

आता लिंकांबद्दल, कारण निर्णय खरा तिथं अडतो. तुमच्या लेखाची लिंक कुणाच्या शाळेच्या प्रकल्पात असते, विकिपीडियाच्या संदर्भात असते, परदेशातल्या एखाद्या नातवानं आजीला पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये असते. ती किती ठिकाणी आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यात आपल्या मराठी शीर्षकांची आणखी एक गंमत आहे. ब्लॉगरवर निव्वळ देवनागरी शीर्षक दिलं की पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढं एखादा आकडा येतो. वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेतं, पण त्यात आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा नऊ चिन्हांची होते आणि मर्यादा असते 200 चिन्हांची, म्हणजे लांब शीर्षक अर्ध्यातच तुटतं. दोन्हीकडचे पत्ते आपोआप जुळत नाहीत. हे कळल्यापासून मी लेख प्रसिद्ध करण्याआधी रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता स्वतः लिहून देतो.

स्वतःचं डोमेन असेल तर जुन्या लिंका नव्या पानांकडे वळवता येतात. कंपनीनं दिलेल्या फुकटच्या पत्त्यावर असाल तर ते काम नीट होत नाही, कारण त्या पत्त्याचा सातबाराच कंपनीच्या नावावर असतो. आणि कंपन्या जातात. याहूनं ऑक्टोबर 2009 मध्ये जिओसिटीज बंद केलं. ऑर्कुट सप्टेंबर 2014 मध्ये गेलं. मायक्रोसॉफ्टनं आपली ब्लॉगची सेवा आवरती घेताना निदान लोकांना वर्डप्रेसवर जायची वाट करून दिली. ब्लॉगसाठीचं टाइपपॅड 2003 पासून चालू होतं, लोक त्यासाठी पैसे मोजत होते, तरी 30 सप्टेंबर 2025 ला तेही बंद झालं. पैसे भरले म्हणजे जागा कायमची, ही समजूत त्यामुळे मनातून काढून टाकावी.

उलट बाजूही मी जवळून पाहिली आहे. आमच्या जिल्ह्यातले एक शिक्षक गावोगावच्या बारवांवर आणि जुन्या मंदिरांवर फार चांगलं लिहायचे. त्यांनी फुकटची जागा सोडली, डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं, सगळं शिस्तीत केलं. ते गेल्यावर घरच्यांना ना पासवर्ड ठाऊक होता, ना नूतनीकरणाची तारीख. मुदत संपली. आज त्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती दिसतात. जुना फुकटचा ब्लॉग त्यांनी पुसला नव्हता, म्हणून निम्मे लेख तरी वाचले. जाहिरातींचं ते पान उघडलं की अजून पोटात तुटतं.

त्यामुळे मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुम्ही अजून लिहिता का? लिहिणं थांबलं असेल तर ब्लॉग अजिबात हलवू नका. आहे तिथं राहू द्या, पूर्ण प्रत उतरवून घ्या आणि महत्त्वाचे लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करा. जागा नवी झाली की लिहायची उमेद परत येईल, असं अनेकांना मनापासून वाटतं. मी तरी तसं होताना पाहिलेलं नाही. उमेद विषयातून येते.

लिहीत असाल तर डोमेन घ्या आणि ते आधी जुन्याच ब्लॉगला जोडा. बऱ्याच ठिकाणी ही सोय असते. वर्षभर तसंच चालू द्या. मीही तेच केलं, थीम बदलली, मोबाईलवर पान नीट दिसायला लागलं आणि हलवण्याची गरजच उरली नाही. तुमची गरज उरली, तर आता पत्ता तुमच्या हातात आहे. कुठंही जा, जुना ब्लॉग मात्र पुसू नका.

पैशांचं एक सांगायचं राहिलं. कार्डावरून आपोआप पैसे जातील या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा वसुलीला आधी रीतसर मंजुरी द्यावी लागते आणि कार्ड बदललं की ती पुन्हा द्यावी लागू शकते. डोमेन एकावेळी 10 वर्षांपर्यंत भरून ठेवता येतं, परवडत असेल तर तसं भरा. गुगल खातं असेल तर त्यातल्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये घरातल्या एखाद्याचं नाव घाला, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकण्याचा अधिकार गुगलनं आपल्याकडे ठेवला आहे. आणि डोमेन कुठून घेतलं, कोणत्या मेलवर घेतलं, मुदत कधी संपते, हे एका कागदावर लिहून विम्याच्या फाइलीत लावा. घरच्यांना ती फाइल कुठं असते ते माहीत असतंच.