स्थलांतरितांचे वंशज : एक तुलना

बल्लारपूर परिसरातील तेलुगू भाषक कुटुंबे आणि मुलचेरा-चामोर्शी तालुक्यांतील बंगाली वसाहती यांची तुलना करताना ‘अधिक पुढे कोण गेले?’ हा प्रश्न प्रथम बाजूला ठेवावा. तेलुगू श्रमिक कोळसा खाणी व कागद कारखान्यात आले. त्यांना वेतन मिळाले, जमीन नाही. पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांना शासनाने तत्कालीन चांदा जिल्ह्यात जमीन देऊन वसवले. पण भोवती अरण्य, बाजारपेठ दूर.

निर्णायक भेद मात्र यादीचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ नुसार अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असते. तेलुगू भाषकांतील माला, मादिगा महाराष्ट्राच्या यादीत आहेत. बंगाली वसाहतींतील नामशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहेत, येथे नाहीत. म्हणजे समान गुण मिळवलेल्या दोघांपैकी एकालाच राखीव जागेचा दावा करता येतो. तोही सरसकट नव्हे : १० ऑगस्ट १९५० पूर्वी पूर्वजांचे वास्तव्य महाराष्ट्रात होते, हे सिद्ध करावे लागते. उशिरा आलेल्या खाणकामगाराचा नातू येथे अडतो. अशा वेळी भेद ‘कष्टाळूपणा’ने स्पष्ट करणे, माझ्या मते, आळशीपणाचे आहे.

स्वाध्याय : परिचयातील एका स्थलांतरित कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे शिक्षण, व्यवसाय व जमीन यांची नोंद करा. जातीच्या दाखल्याचा विषय त्यांनी काढला, तरच पुढे विचारा.