सासवडपर्यंतच चाललो, तेवढं पुरतं का?

आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 40 व्या श्लोकावर.

भगवंतांचं आश्वासन साधं आहे. या मार्गावर सुरू केलेलं वाया जात नाही, अर्धवट राहिलं म्हणून दोष लागत नाही, आणि थोडंसं आचरणही मोठ्या भयातून सोडवतं. मूळ शब्द आहे 'अभिक्रम', म्हणजे आरंभ. त्यातला 'क्रम्' धातू पाऊल टाकण्याचा. म्हणूनच मला हा श्लोक पुणे-सासवड टप्प्याशी जोडलेला वाटतो.

आपल्यातले बरेच जण माऊलींच्या पालखीबरोबर हा एकच दिवस चालतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, त्यातले आपले तीसेक. रात्री बसने घरी, सकाळी लॉगिन. फोटो टाकताना आत कुठेतरी टोचतं, आपण कसले वारकरी, हौशे-नवशे-गवशे!

टप्पा मात्र सोपा नाही. सगळ्या वाटेतला हा सर्वांत लांबचा, आणि बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो, म्हणजे पोटात उपास. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे वळते, माऊलींची दिवे घाटाकडे. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात, यावरून चढाची कल्पना करा.

मी पहिल्यांदा नवेकोरे बूट घालून गेलो होतो (शहाणपणाच!). वडकीला पोचेपर्यंत टाच सोललेली. कडेला बसलो. शेजारी एक आजी, पायात रबरी चप्पल.

"आजी, शेताकडे कोण बघतंय?"

"पेरून आलेय. पाऊस पडला तर उगवंल, न्हाई तर दुबार पेरायचं."

"मी सासवडपर्यंतच आहे हो."

"मग सासवडपतुर चाल की, माऊली. ऊठ."

पुढे शांकरभाष्य वाचताना आजी आठवल्या. आचार्यांनी याच श्लोकाखाली शेतीचा दाखला दिलाय. शेतीत राबूनही फळाची खात्री नसते, औषधोपचार तर उलटूही शकतो, इथे तसं होत नाही. दुबार पेरणी सोसलेल्या माणसाला 'वाया जात नाही' हे किती मोठं वाटत असेल! आपल्याला, अनडूचं बटण हाताशी असलेल्यांना, ते जरा उशिरा कळतं.

पण हा श्लोक म्हणजे सवलतीचं कूपन नव्हे. चालता चालता थोडं झालं, हे वेगळं. थोडंच करायचं असं घरूनच ठरवून निघणं वेगळं. मी सलग तीन वर्षं सासवडलाच थांबलो. रजा नाही, हे कारण दरवेळी खरं नव्हतं.

त्या पहिल्या रात्री सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि बस पकडली. आजींचा मुक्काम सासवडला होता, मग पुढे जेजुरी.

उद्या श्लोक 41. जय हरी!